वांगणी नावाची दोन गावे

रेल्वेचे वेळापत्रक वाचण्याचा मला जुना छंद आहे. प्रवासाला जायचे असो वा नसो, एखादी कादंबरी हाती घ्यावी तसे मी ते हाती घेतो. स्टेशनांची नावे ओळीने म्हणू लागले की त्यांना आपोआप चाल लागते. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत!

या माळेतली वांगणी सर्वांच्या ओळखीची. कल्याणहून खोपोलीच्या रोखाने रूळ गेले ते १८५६ साली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई पुण्याला जोडली गेली. आज वांगणीचा माणूस सकाळी डबा घेऊन निघतो, मुंबईत दिवसभर चाकरी करतो आणि रात्री घरच्या पानावर येऊन बसतो.

एकदा वर्गात एका नव्या विद्यार्थ्याने आपले गाव वांगणी असे सांगितले. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बदलापूरच्या पुढचं!" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "नाही. जव्हारकडचं. आमच्या वांगणीला गाडी नाही."

त्या रात्री मी वेळापत्रक बाजूला ठेवून नकाशा उघडला. जव्हार हे मुकणे घराण्याचे डोंगराळ संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या पश्चिमेकडून, किनाऱ्याच्या सखल पट्टीतून, १८६४ साली मुंबई-गुजरातची गाडी धावू लागली. दक्षिणेकडून १८६५ साली थळघाट चढून दुसरी गाडी इगतपुरीस पोहोचली. तो चढ असा, की दर सदतीस फुटांस एक फूट वर जायचे; कसाऱ्याला जादा इंजिने लावून गाड्या आजही वर ढकलाव्या लागतात. एवढा खटाटोप केला तो नाशिक, खानदेश, वऱ्हाडचा कापूस आणि पलीकडचा सारा देश बंदराशी जोडण्यासाठी. मधल्या रानात नाचणी-वरई पिकवणाऱ्या वारली, कोकणा, ठाकरांसाठी रूळ टाकावेत असा हिशेब कोणत्याच कंपनीच्या वहीत बसणारा नव्हता.

तुम्ही म्हणाल, आगगाडी नसली म्हणून काय बिघडते? प्रश्न योग्य आहे. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचे एक चिमुकले शहर आहे. १८५९, १८६२ आणि १८७० असे तीन वेळा तिथे रूळ आले. तीन कंपन्या आणि तीन स्टेशने! त्यातल्या एका मार्गावरून इतकी स्ट्रॉबेरी जाई की त्याचे नावच स्ट्रॉबेरी लाइन पडले. १९६३ साली तिथली उतारूंची शेवटची गाडी निघून गेली. वेल्स मात्र ओस पडले नाही. शंभर वर्षांत रुळांवरून जे यायचे ते येऊन गेले होते. शाळा, दवाखाना, पेठ, पक्की सडक सारे मागे राहिले.

जव्हारच्या वांगणीला गाडी आली नाही, आणि गाडीबरोबर येणारे हे बाकीचेही फार उशिरा आले. १९९२-९३ साली वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले अन्नावाचून मरतात, हे तेव्हा आपण वर्तमानपत्रात वाचले.

२०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला. डहाणूहून नाशिकपर्यंत लोहमार्ग न्यावा ही मागणी तर कितीतरी वर्षांची आहे. तो व्हावा, असे मलाही मनापासून वाटते. पण नुसत्या रुळांनी पोट भरत नाही. आपल्या घरचे कंदील उतरतात, भाताची कापणी आटोपते आणि जव्हार-मोखाड्याची कित्येक कुटुंबे बिऱ्हाड पाठीला बांधून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शाळेतली मुलेही बरोबर जातात. गाडी त्यांच्याकडे गेली नाही, म्हणून तीच माणसे गाडीच्या गावी येतात. गाडीत बसण्यासाठी नव्हे, आपल्या घरांच्या विटा थापण्यासाठी!

माझ्या वेळापत्रकात त्यांच्या गावाचे नाव नाही. ते छापले जाईल तेव्हा जाईल. पण त्याआधी त्या गावच्या मुलाला वर्षभर गावातच पोटभर जेवण आणि शाळेतला बाक मिळावा. तेवढ्यासाठी घाट फोडावा लागत नाही.