घेऊ या एक छोटासा ब्रेक!

गाडी घेताना आपण काय काय बघतो? रंग बघतो. ॲव्हरेज विचारतो. म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवून बघतो. सनरूफ असेल तर शोरूमच्या छताकडे बघत ते दोनदा उघडतो, दोनदा मिटतो. पण 'याचे ब्रेक कसे आहेत हो?' असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय! ब्रेक म्हणजे पायाखालचं एक पेडल. दाबलं की गाडी थांबते. कशाच्या जिवावर थांबते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ऑफिसातल्या सर्व्हर रूमसारखंच ते. चालू आहे तोवर तिकडे कुणी फिरकत नाही.

मी त्या पेडलच्या पलीकडे पोचले ती एका एस्टिमेटमुळे.

गाडी तशी बाबांची. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी बाबांचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि गाडी वाईहून पुण्यात, माझ्या पार्किंगमध्ये आली. एका सोमवारी हिंजवडीच्या सिग्नलला पुढच्या चाकातून बारीक, कानात घुसणारी 'चीं' ऐकू आली. त्याच संध्याकाळी गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर यादी हजर. पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, कॅलिपर किट, लेबर. टोटल चौदा हजार आठशे! फोन केला तर पलीकडचा आवाज एकदम गोड. 'मॅडम, ब्रेकचा मामला आहे. रिस्क कशाला घेता?'

आता सांगा, या वाक्याला उत्तर काय? एसीचं बिल जास्त वाटलं तर आपण भांडतो. ब्रेकच्या बिलावर भांडताना आपणच आपल्या जिवाची घासाघीस करतोय असं वाटतं. समोरचा खरं बोलतोय की नुसतीच भीती विकतोय, हे कळायला आपल्याकडे साधन नसतं. मी दर दुसऱ्या शनिवारी वाईला जाते. खंबाटकी घाट लागतो. आई-बाबांना घेऊन पाचगणीला गेले की पसरणीचा घाट लागतो. तीस वर्षं गाडी चालवलेले बाबा आता डावीकडच्या सीटवर बसतात आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जातो. तिथे ब्रेक नाही, हे त्यांनाही माहीत असतं. पण पाय ऐकत नाही. त्या पायाला मी काय सांगणार होते? 'बाबा, ब्रेक चांगले आहेत, त्या गोड आवाजाच्या माणसाने सांगितलंय'?

मी गाडी परत आणली आणि आमच्या सोसायटीतल्या काकांचं दार वाजवलं. काका एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी टॉर्च घेतला, स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं आणि चाकाच्या आत डोकावून म्हणाले, 'पॅड संपलेत, हे खरं. बाकीचं उघडल्याशिवाय सांगणार नाही. रविवारी उघडू. पण पाना तू धरायचास. मी खुर्ची टाकून बसणार.'

आधी थोडा अभ्यास झाला. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर, आणि चिमटीच्या बोटांना लावलेले पॅड. आपण पेडल दाबतो, ब्रेक ऑइल तो दाब कॅलिपरपर्यंत नेतं आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. गाडीचा सगळा वेग तिथे उष्णतेत बदलतो. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते, दुप्पट नाही! आणि ती 'चीं'? बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारीक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते. म्हणजे गाडी बिघडली नव्हती, ती सांगत होती.

नाना पेठेतून गाडीच्या मॉडेलचे पॅड आणले. साडेसोळाशे रुपये. शिवाय ब्रेक क्लीनर, पिनांसाठी वेगळं सिलिकॉन ग्रीस आणि एक टॉर्क पाना. या पान्यावरून काकांचं आणि माझं पहिलं भांडण झालं. 'किती आवळायचं ते हाताला कळतं,' असं काकांचं म्हणणं. 'तुमच्या हाताला कळतं काका, माझ्या नाही,' असं माझं. कुठला बोल्ट किती आवळायचा याचा आकडा कंपनीने ठरवून दिलेला असतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढलेली मुलगी आकडा सोडून हातावर विश्वास ठेवेल, हे शक्यच नाही.

रविवारी सकाळी सपाट जागा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला. आणि मग काकांचा कडक नियम: जॅक फक्त उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे घोडी हललीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

तेवढ्यात वॉचमन आला. 'मॅडम, मेकॅनिक बोलवू का?' खुर्चीत बसलेले काका आणि जमिनीवर बसलेली मी, हे चित्र त्याला पटेना. हसू आलं, पण एक गोष्टही आठवली. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेल्या. शंभरेक किलोमीटरचा तो प्रवास मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी एका मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथे सांगतात. म्हणजे पॅड बदलण्याचं काम एका बाईपासूनच सुरू झालंय, बॉस!

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो पुस्तकासारखा वर उघडतो. तो तारेने बांधून ठेवायचा, नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. जुने पॅड हातात आले आणि खरी गोष्ट कळली. बाहेरच्या पॅडवर चार मिलिमीटर माल शिल्लक होता, आतल्यावर जेमतेम दीड. दोन्ही पॅड एकत्रच बसवलेले, मग हा फरक का? काकांनी खुर्चीतूनच विचारलं, 'पिन हलतेय का बघ.' कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक जाम झाली होती. त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. पिन बाहेर काढली, साफ केली, ग्रीस लावलं, ती बोटाने सरकायला लागली. नुसते नवे पॅड टाकले असते तर तेही असेच एका बाजूने संपले असते. एस्टिमेटमध्ये पिनेचा उल्लेखही नव्हता.

आणि डिस्क? ती किती झिजेपर्यंत चालते, तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर होता १५ मिलिमीटर. व्हर्नियरने तीन-तीन ठिकाणी मोजलं. दोन्हीकडे १६ च्या वर. खोल चरे नाहीत, तडे नाहीत. ऑइलची गळती नाही, पिस्टनचं रबर शाबूत. म्हणजे चौदा हजार आठशेतली गरज होती फक्त पॅडची!

पुढचं काम सोपं. जुना पॅड आडवा धरून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत ढकलायचा आणि बॉनेटखाली ऑइलची टाकी उतू जात नाही ना, ते बघायचं. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग जातो. धूळ फुंकून उडवायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही नको. आणि एका वेळी एकच चाक उघडायचं, म्हणजे दुसरं बघून जोडता येतं. पण बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

सगळं जोडून सीटवर बसले, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला! काका आधीच सांगून बसले होते. पिस्टन आत ढकललेला असतो, पॅड अजून डिस्कला टेकलेले नसतात. चार-पाच वेळा दाबलं की पेडल कडक होतं. हे गाडी हलवायच्या आधी करायचं, भिंत समोर आल्यावर नाही. मग पार्किंगमध्ये दहाच्या स्पीडने, मग रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा हलके ब्रेक मारून पॅड बसवले.

पुढच्या शनिवारी वाईला गेले. बाबांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला. 'घोडी लावली होतीस ना?' दुसऱ्या दिवशी पसरणीच्या घाटात त्यांचा पाय मॅटवर दाबला गेलाच. पण या वेळी मला राग आला नाही. तो पाय माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हता. मुलीच्या वाट्याचा थोडा ब्रेक तोही मारत होता.

वाईहून पुण्याला परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तिथे एकापाठोपाठ अनेक गाड्यांना ठोकरलं होतं. आता त्या उतारावर मी खालचा गिअर टाकते आणि इंजिनला गाडी धरू देते. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात आणि फार तापलेला पॅड डिस्कला नीट धरत नाही. हे ज्ञान पूर्वीही पुस्तकात होतं. पण तो दीड मिलिमीटरचा पॅड हातात धरल्यावर ते पायापर्यंत उतरलं.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी गाड्या उघडून बसा, असा नाही. पेडल मऊ लागत असेल, ऑइल कमी होत असेल, एबीएसचा दिवा पेटला असेल, तर थेट चांगला मेकॅनिक गाठा. पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार काका हवेतच. पैशाचं म्हणाल, तर टॉर्क पान्याने बरीचशी बचत खाल्ली. पण पुढच्या वेळी कुणी गोड आवाजात 'रिस्क कशाला घेता?' म्हणालं, तर मी विचारू शकते: डिस्क किती मिलिमीटर भरली? पिना सरकतायत का? जुना पॅड दाखवा बघू. चांगल्या मेकॅनिकला असे प्रश्न आवडतात. आणि न आवडणाऱ्याकडे आपल्यालाच जायचं नसतं.

तर मंडळी, या रविवारी एवढंच करा. स्टिअरिंग पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि चाकाच्या आत डोकावा. पॅडवरचा माल तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर सोमवारची वाट बघू नका.