काचेच्या दोन्ही बाजू

लागोस

प्रिय शुभा,

‘तिकडचं काहीतरी वाचायला सुचव’ म्हणाली होतीस ना? मग चिबुंडू ओनुझोची ‘द स्पायडर किंग्ज डॉटर’ मिळव आणि वाचच. ही लेखिका इथलीच, लागोसमध्ये जन्मलेली. सतराव्या वर्षी तिनं ही कादंबरी लिहायला घेतली आणि २०१२मध्ये ती लंडनच्या फेबरनं काढली.

गोष्ट दोघांच्या तोंडून येते. अबिके बड्या उद्योगपतीची लाडकी लेक. ‘रनर जी’ रस्त्यात गाड्यांमागे धावत आइस्क्रीम विकणारा पोरगा. मुळात तो वकिलाचा मुलगा. वडील गेले, आई खचली आणि बहिणीसकट घराचा भार त्याच्यावर आला. अबिके गाडीतून त्याच्याकडून आइस्क्रीम घेते आणि ओळख वाढते.

श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा, हे सिनेमात ढिगानं पाहिलंय, म्हणशील. पण इथं प्रेम कशावरच पांघरूण घालत नाही. सुरुवातीलाच अबिकेचा कुत्रा गाडीखाली चिरडला जातो, तोही तिच्या बापाच्या हुकमावरून! त्या घरात माया करायची तीसुद्धा डाव टाकल्यासारखी. पुढे रनर जी आपल्या वडिलांच्या मृत्यूचा माग काढू लागतो आणि तो माग नेमका अबिकेच्या फाटकाशी येतो. बाकीचं सांगत नाही.

इथं वाहतूक तुंबली की म्हणतात ‘गो-स्लो’. गाड्या थांबल्या रे थांबल्या की पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे वेफर, चार्जर घेऊन रनर जीसारखी पोरं धावत येतात. मध्येच गाडी हलली तर पोरगं खिडकीला लागून पळत राहतं आणि पळता पळताच सुटे मोजून हातावर ठेवतं. हा धंदा २००३च्या कायद्यानं बंद आहे. २०१६मध्ये सरकारनं कडक अंमलबजावणी जाहीर केली: ९०,००० नायरा दंड किंवा सहा महिने कैद, घेणाऱ्यालाही तेवढीच. एवढे पैसे गाठीला असते, तर ती पोरं गाड्यांमागे जीव टाकून धावली असती का गं?

थर्ड मेनलँड ब्रिजवरून जाताना एका बाजूला खाडीत खांबांवर उभी मकोको वस्तीची घरं दिसतात. पूल उतरला की थोड्याच वेळात इकोयीचे बंगले. गरिबी-श्रीमंती शेजारी नांदतात, हे कुणीही लिहील. ओनुझो पुढचं विचारते: हा पैसा आला कुठून? एका घरानं दडवलेलं गुपित हेच दुसऱ्या घराच्या वाताहतीचं कारण असतं. ज्याला आपण नशीब म्हणून सोडून देतो, ते कुणीतरी केलेलं असतं, हे तिनं इतक्या कोवळ्या वयात ओळखलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

वाचून झालं की एवढंच कळव: अबिकेच्या जागी असतीस, तर बापाला पहिला प्रश्न कुठला विचारला असतास? तुझ्या उत्तरावर मला तुझ्याशी पोटभर बोलायचंय.

तुझीच,
माधवी