मेडिकलची गोळी

नाशिक जिल्ह्यात, मालेगावपासून तासाभरावरच्या एका गावात माझं मेडिकल आहे. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक आटलं की काही पोरं येतात. एक काउंटरशी, दोघं बाहेर गाडीवर. “काका, आजीची झोपेची गोळी संपलीय.” चिठ्ठी मोबाइलवर, तीही दोन वर्षांपूर्वीची. आजीचं वय विचारलं की पोरगा बाहेरच्यांकडे बघतो.

मागणी असते अल्प्राझोलमची. आमच्या भागात तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. 2014पासून ती एच-वन यादीत आहे. म्हणजे डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. मी नाही म्हणतो, पोरं निघून जातात. पण गोळी त्यांना मिळतेच. पानटपरीवर सुटी मिळते, चौपट भावात.

ही पोरं गर्दला घाबरतात, एमडीचं नाव काढलं तर कानाला हात लावतात. गोळीचं मात्र त्यांना काही वाटत नाही. कंपनीचा छाप आहे, एक्स्पायरी डेट आहे, घरात आजीही घेते, मग त्यात वाईट काय? आजी अर्धी घेते, हे चार-चार गिळतात, वर खोकल्याचं औषध नाहीतर क्वार्टर. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि शरीरात त्याचं मॉर्फिन होतं. गोळी, कोडीन, दारू, तिघांचंही काम मेंदूला झोपवायचं. श्वास चालू ठेवणारा भागही त्याच मेंदूत असतो. शिवाय या गोळीने मधलं आठवत नाही. आधी किती घेतल्या ते विसरून पोरगा आणखी दोन घेतो.

आमच्या आळीतला एक मुलगा, डिप्लोमाला होता. वडिलांना गादीखाली रिकामी पाकिटं सापडली. त्यांनी चार लोकांत बोभाटा नको म्हणून त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं. जेवण आत, बाहेरून कडी. नशा अशीच सुटते, असं त्यांनाच काय, निम्म्या गावाला वाटतं. तिसऱ्या दिवशी त्याची आई अनवाणी दुकानात आली. “भाऊ, चला हो, पोरगं आकडी आल्यासारखं करतंय.”

मी पोचलो तेव्हा कुणी कांदा फोडत होतं, कुणी चप्पल नाकाशी धरली होती. सगळ्यांना बाजूला केलं, त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही. रिकामी पाकिटं खिशात टाकली आणि रिक्षाने सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी पाकिटंच पाहिली. महिनोन्‌महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली की अशा आकड्या येऊ शकतात, त्यात जीवही जातो. ती हळूहळूच उतरवावी लागते, आठवड्याआठवड्याने, डॉक्टरांच्या नजरेखाली.

वडील मात्र भडकले. “जिने वाटोळं केलं तीच परत द्यायची?” डॉक्टर तरुण होते, पण वैतागले नाहीत. रडणाऱ्या आईला नव्हे, वडिलांनाच समोर बसवून कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. पोलिसांचं भय होतं तेही काढलं. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता गोळी आईच्या ताब्यात असते आणि चिठ्ठी घेऊन वडील येतात. रजिस्टरात नाव लिहिताना अजून इकडेतिकडे बघतात. मुलगा चिडचिडा झालाय, झोप नाही, हात थरथरतात. पण कॉलेजला जातोय.

परवा त्याच्याच कंपूतला एक जण एकटा आला. मी नेहमीचं ‘नाही’ म्हणणार तोच त्याने हळूच विचारलं, “काका, ते डॉक्टर कोणत्या वारी असतात?” त्याला गोळी लिहून हवी होती की सुटायचं होतं, मला सांगता येणार नाही. ओपीडीचा वार आणि वेळ बिलाच्या मागे लिहून दिली.