निमंत्रणपत्रिकेबाहेरचे कलावंत

शासनाने कलामहोत्सव भरवावेत की नाहीत, या वादात मला फारसा रस नाही. ते भरवले जातातच. कार्यक्रमपत्रिका कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे स्वरूप मला नस्त्या चाळताना नव्हे, तर रायपूरच्या गुढियारीत वास्तव्य असताना उमगले.

गुढियारी ही रेल्वेमार्गापलीकडची, ठोक बाजाराची, दाटीवाटीची वस्ती. जन्माष्टमीला तेथे दहीहंडी फुटते, तेव्हा घरापासून दूर आलेल्या मराठी माणसाला अंमळ हायसे वाटते. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सायन्स कॉलेजच्या मैदानावर, छत्तीसगड शासनाने 2019, 2021 आणि 2022 मध्ये राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरवले. परदेशी पथकेही आली. भव्य रंगमंच, पाहुण्यांची आसने, मिनिटामिनिटाचे वेळापत्रक! आपल्या तमाशाशी नाते सांगणारा ‘नाचा’ हा येथील लोकनाट्यप्रकार मात्र रात्र रात्र चालणारा. अशा वेळापत्रकात त्याला बसवायचे म्हणजे त्याचे पंख कापणेच.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड हेही एका प्रांताच्या राजधानीचे शहर; सिडनी-मेलबर्नच्या मानाने आडबाजूचे. 1960 मध्ये तेथे एडिंबराच्या धर्तीवर कलामहोत्सव सुरू झाला. ज्या स्थानिक कलावंतांना त्यात स्थान मिळाले नाही, त्यांनी त्याच वर्षी आपले प्रयोग शेजारी मांडले. त्यातून उभा राहिलेला ‘फ्रिंज’, म्हणजे काठावरचा महोत्सव, आज तिकीटविक्रीत मूळ महोत्सवाला मागे टाकतो. एडिंबरातही 1947 मध्ये आठ नाट्यसंस्था निमंत्रणाविनाच येऊन थडकल्या होत्या.

त्याच एडिंबराच्या काठावर 1982 मध्ये ‘चरणदास चोर’ या नाटकाने ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवला. त्याचे दिग्दर्शक हबीब तन्वीर हे 1923 मध्ये रायपुरातच जन्मलेले आणि नट बहुतांशी नाचातले खेडूत. आरंभी तन्वीरांनी या नटांकडून हिंदी संवाद व आखीव हालचालींची अपेक्षा केली, नट आखडले. पुढे त्यांना त्यांची छत्तीसगडी बोली आणि उत्स्फूर्ततेची मुभा दिली, 1973 मध्ये रायपुरात नाचाचे दीर्घ शिबिर घेतले, तेव्हा गाडी रुळावर आली. प्रशासकाने या प्रसंगाचा नीट अभ्यास करावा, असे मला नेहमी वाटते. (आम्हा मंडळींना हालचाली आखून देण्याची हौस दांडगी!)

म्हणून एका महोत्सवाच्या पूर्वतयारीत मी टिप्पणी मांडली की, मुख्य मंचाखेरीज निवड समिती नसलेला एक मंच गुढियारीसारख्या वस्तीत असावा. नाव नोंदवील त्याला वेळ मिळावी. लेखा शाखेचा शेरा आला: निवडच नसेल, तर मानधनाचा खर्च कोणत्या आधारे मंजूर करावा? शेरा अनाठायी नव्हता. सार्वजनिक पैसा खर्च करताना ‘यालाच का?’ याचे उत्तर नस्तीवर असावेच लागते.

अ‍ॅडलेडची रीत येथे जशीच्या तशी उचलता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. तेथे प्रयोगाच्या नफ्यातोट्याची जोखीम मुख्यतः कलावंतच उचलतो. नाचाचा कलावंत पुष्कळदा शेतमजूर असतो. दोन दिवस गावाबाहेर राहिला की मजुरी बुडते, वर सगळ्या पथकाचे भाडे. ‘मंच खुला आहे, या’ एवढे म्हणणे ही त्याची थट्टा ठरेल. शिवाय मुख्य मंचावरच्या कलावंताचे देयकही महिनोन्‌महिने रेंगाळते, तेथे याला कोण विचारतो?

सुधारित टिप्पणीत मी ‘मानधन’ हा शब्दच काढला. प्रवास, भोजन आणि बुडालेली मजुरी यांची सरसकट भरपाई, प्रत्येक नोंदणीकृत पथकाला समान दराने, प्रयोग संपताच त्याच रात्री. वीज, पाणी आणि बंदोबस्त शासनाचा. निवड नाही, म्हणून पक्षपातही नाही. दर ठरलेला, म्हणून लेखापरीक्षणाला आधारही. या वेळी लेखा शाखेने एकच अट घातली: पथकातील माणसे मोजून घ्यावीत. ती मी आनंदाने मान्य केली.