मी मंचावरचीच माणसं मोजली

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य आहे: ढोलकीफडाचा तमाशा हे ग्रामीण महाराष्ट्रातलं समतेच्या सर्वांत जवळ पोचलेलं कामाचं ठिकाण आहे. तोंडी परीक्षेत या वाक्याचं कौतुक झालं होतं. ते वाक्य चुकीचं आहे. परभणी, हिंगोली, नांदेडकडची मुलं आता लोककलावंतांच्या रोजगारावर संशोधन करू लागली आहेत आणि त्यातले काही जण माझा प्रबंध संदर्भाला घेतात. म्हणून ते वाक्य माझ्या हातून कसं लिहिलं गेलं, ते सांगणं मला भाग आहे.

मी गंगाखेड तालुक्यातला. दसरा झाला की आमच्याकडच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात, आणि मार्गशीर्षात जो तो माळेगावच्या खंडोबाला जातो. माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, पण आमच्या भागाला ती यात्रा घरचीच. घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार आणि रात्री तमाशाच्या कनाती. तंबूतला तमाशा मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. त्यामुळे विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही. पद्धत कोणती वापरायची, हा प्रश्न होता.

पद्धत मी लांबून आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून हॉलिवूडमधल्या विविधतेवर २०१४ पासून अहवाल निघतो. मुख्य भूमिकेत स्त्रिया किती, गौरेतर किती, दिग्दर्शक कोण, लेखक कोण, अशी त्यात मोजदाद असते. ती पाहून मी हरखलो. आपल्या फडाचंही असंच मोजायचं, असं ठरवलं. मात्र त्या अहवालात पडद्यामागची माणसं जितक्या काळजीनं मोजली होती, तितकी मी मोजली नाहीत. मी कनातीत समोर बसलो आणि गण-गवळणीपासून वगापर्यंत मंचावर कोण कोण येतं, ते लिहून घेतलं. बायका निम्म्याहून जास्त भरल्या. फडाच्या फलकावरही बाईचं नाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे, अशी बाईच्या नावानं चाललेल्या फडांची परंपराच आपल्याकडे आहे. माझा तक्ता आपोआप समतेकडे झुकला.

तंबू उभारणारे बिगारी, जनरेटरवाला, ट्रकचालक, तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस, पहाटे भाकरी थापणाऱ्या बायका, यातलं कुणीच माझ्या तक्त्यात नव्हतं. सुपारी कोण घेतं, कुठल्या गावाला किती रुपयांत जायचं हे कोण ठरवतं, हेही नव्हतं. फलकावर बाईचं नाव असलं तरी गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे असू शकते. ती कुणाकडे आहे, हे मी विचारलंच नाही.

दुसरी चूक पगाराची. मालकांनी मला अदबीनं रावटीत बसवलं, चहा दिला आणि एकेका कलावंताला बोलावून घेतलं. मी तिथेच, त्यांच्यासमोर, प्रश्नावली भरली. नाचणाऱ्या बाईचा पगार ढोलकीवाल्यापेक्षा जास्त निघाला. स्त्रीला पुरुषापेक्षा जास्त मोबदला देणारा दुसरा धंदा खेड्यात दाखवा, असं मी मोठ्या उत्साहानं लिहिलं.

त्याच फडात एक मावशी होत्या. तरुणपणी नाचलेल्या, आता वगात राणीचं काम करणाऱ्या. प्रयोग संपल्यावर घुंगरांचे पट्टे सोडताना त्यांनी मला एक वही दाखवली. शाळेतल्या पोरांची असते तशी, कोपरे दुमडलेली. डाव्या बाजूला उचल, उजव्या बाजूला वजावट. उचल हंगामाच्या सुरुवातीला एकरकमी घेतलेली, मुलीच्या लग्नासाठी. वजावटीखाली तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे ‘खाडा’. ताप आला, खाडा. पावसानं प्रयोग झाला नाही, खाडा. पाय मुरगळला, चार ओळी खाडा. मी वहीचा फोटो काढला आणि प्रबंधात ‘आगाऊ रकमेची सुविधा’ असं लिहिलं.

हे मला आज सर्वांत जास्त टोचतं. कारण उचल म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आमच्या गल्लीत मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून पुढच्या सालीही कोयता उचलणारी जोडपी होती. आधी पैसा, मग तो फिटेपर्यंत काम, मध्येच सोडलं तर सगळी रक्कम एकदम परत. हीच व्यवस्था मंचाच्या मागे चालू होती, पण पुढे दिवे आणि जरीची साडी होती म्हणून मला ती ओळखू आली नाही. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवण्याविरुद्ध या देशात १९७६ पासून कायदा आहे. माझ्या संदर्भसूचीत तो नाही. हिशेबही चुकीचा. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून फार तर बुद्ध पौर्णिमेपर्यंत. नंतरचे पावसाळ्याचे महिने हात रिकामे, आणि पुढची उचल याच महिन्यांत चढते. पगाराला मी बारानं भागायला हवं होतं. मी एका रात्रीचा दर घेतला आणि त्यावर समता उभी केली.

विठाबाईंचा तो प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे: पोटात कळा सुरू झाल्यावर त्या मंचामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. मीही तो दिला आहे, कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून. श्रमावर संशोधन करणाऱ्यानं तिथे थांबून विचारायला हवं होतं की बाळंत होणाऱ्या बाईला रजा का नव्हती. प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ साली आला. तो आल्यावर तरी तमाशातल्या कुठल्या बाईला त्याचा लाभ मिळाला, हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत असायला हवा होता. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या. आपण त्यांच्या नावाचा पुरस्कार देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण मी त्यांच्या आयुष्यातून फक्त गौरव घेतला.

छळाविषयी माझ्या प्रश्नावलीत एकच प्रश्न होता, हो किंवा नाही असा. मालकाच्या रावटीत बसून कोण ‘हो’ म्हणणार? सगळ्या बायकांनी ‘नाही’ सांगितलं आणि मी ते छापलं. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं असतात. परभणीतल्या कुठल्या कार्यालयाचा दरवाजा ठोठावायचा, हे त्या बायकांना ठाऊक आहे का, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

आणि जात. मी ‘सामाजिक विविधता’ अशा मथळ्याखाली फडातल्या जाती लिहिल्या: मातंग, महार, कोल्हाटी, गोपाळ, काही मुस्लिम वादक. एका तंबूत इतके समाज एकत्र नांदतात, असा माझा सूर. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर १९९५ मध्येच लिहिलं होतं. मी ते चाळलं होतं, वाचलं नव्हतं. पुढे शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं पुस्तक २०२२ मध्ये आलं. ते वाचताना माझा मथळा डोळ्यांसमोर आला. ज्यांच्यावर हे काम जातीनं सोडून दिलं गेलं, त्यांची यादी करून मी तिला विविधता म्हणालो होतो. गावातली प्रतिष्ठित घरं खुर्च्यांवर बसत होती, आणि त्याच गावात फडातल्या बायकांना आंघोळीला आडोसा मिळत नव्हता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीच लावणी दूरचित्रवाणीच्या मंचावर गेली की नाचणारी बदलते, आडनाव बदलतं, मानधन बदलतं. समतेचा अभ्यास करायचा तर तो या दोन मंचांच्या मधल्या अंतराचा करायला हवा होता.

आतापर्यंत सांगितलं ते अभ्यासातलं. यापुढचं तसं नाही.

परिशिष्टात मी मुलाखती दिल्या. नावं काढली होती. पण मावशींच्या मुलाखतीवर वयाचा गट, तालुका आणि ‘वगात राणीची भूमिका’ एवढं ठेवलं, आणि खाली वहीतल्या नोंदी. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला. फडमालकांच्या घरातल्या कुणीतरी तो वाचला. पुढच्या हंगामात मावशींना बोलावणं आलं नाही आणि राहिलेली उचल एकदम मागितली गेली. त्यांनी मला फोन केला. चिडल्या नव्हत्या. “सर, तुमी नाव नव्हतं लिवलं,” त्या म्हणाल्या, “पन फडात राणी एकच असती की.”

त्यांच्या संमतीचा कागद माझ्याकडे होता. विद्यापीठाच्या नमुन्यातला, इंग्रजीत, खाली अंगठा. मी तो वाचून दाखवला नव्हता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केरळच्या मल्याळी चित्रपटसृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. २०१९ च्या डिसेंबरात सरकारला दिलेला तो अहवाल साडेचार वर्षांनी खुला झाला, तोही साक्ष देणाऱ्या बायका ओळखू येतील अशी पानं वगळून. हा उशीर आणि ही गाळणी यांवर तिथे बरीच टीका झाली, आणि टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही साक्ष देणारीला ओळख लपवण्याची केवढी गरज असते, हे त्या चर्चेतून मला कळलं. माझ्या परिशिष्टात एकही ओळ वगळलेली नव्हती.

ते परिशिष्ट काढावं म्हणून मी ग्रंथालयाकडे अर्ज दिला आहे. चौथं प्रकरण नव्यानं लिहितो आहे. मुलाखती आता पावसाळ्यात घेतो, बायका आपापल्या घरी असतात तेव्हा, मालकांना न कळवता. महिला प्राध्यापक सोबत असतात, आणि संमतीचा मराठी कागद मी आधी मोठ्यानं वाचतो. पहिला प्रश्न उचलीचा असतो.

मावशी सध्या मानवतला जिनिंगमध्ये कामाला जातात. पन्नाशी पूर्ण झाल्यावर त्यांनी ज्येष्ठ कलावंतांच्या राजर्षी शाहू महाराज सन्मान योजनेचा अर्ज भरला, महिना ५,००० रुपयांचा. कलेत बरीच वर्षं घालवल्याचा पुरावा त्याला जोडावा लागतो. मालक पत्र देणार नाहीत. मावशींनी माझ्याकडे ते परिशिष्टाचं पानच मागितलं. त्यांनी तमाशात काम केलं, असं छापील कुठे असेल तर तिथेच आहे. पान मी दिलं नाही. त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी, पाहिलेल्या प्रयोगांच्या तारखा आणि गावं घालून माझ्या सहीचं पत्र दिलं. सोबत त्यांच्या घरात टांगलेला राणीच्या वेशातला फोटो जोडला. समितीनं अजून निर्णय दिलेला नाही.