डोकं मऊ, धार कडक

लातूर-नांदेड रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलेल्या माणसाला भंगाराची चणचण पडत नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा तुटतो, ट्रॉलीचा एक्सल वाकतो, अन् ते लोखंड दुकानाच्या भिंतीला येऊन टेकतं. पुढं त्यातलं बरंचसं जालन्याच्या भट्ट्यांत वितळतं नि सळई होऊन परत इकडंच येतं. त्याआधी पाचरींपुरतं मी निवडून घेतो.

गिऱ्हाईक येतं ते बाभळीचं खोड फोडायचंय म्हणून. मागणी ठरलेली, "मिस्त्री, कडक पाणी द्या बघा." एखादा तर घरची झिजलेली कानसच आणतो. त्याच्या मते यापेक्षा कडक काही नसतंच, आणि कानस कडक असते हे खरंही आहे. पण कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर. घासायला ती उत्तम, घण मात्र सोसत नाही. तडकते अन् तुकडा थेट डोळ्याकडं येतो. पाट्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का, सळईत त्याहून बराच कमी. ग्राइंडरला लावलं की ठिणगीच सांगते. सळईची ठिणगी लांब, सरळ जाते. पाट्याच्या ठिणगीला फाटे फुटतात. कानशीची चाकाजवळच फुलून जाते.

पाट्याची पाचर बारीक होते, पहिली चीर पाडण्यापुरती. खोड उघडायला जाड अंग लागतं, त्याला एक्सलचा तुकडा. तुटलेल्या टोकाजवळचा वीतभर भाग मी वापरत नाही. तिथं न दिसणाऱ्या चिरा असतात. उतार फार निमुळता ठेवला तर पाचर लाकडात रुतून बसते, बोथट ठेवला तर घावासरशी उसळून बाहेर येते. बाभळीसाठी टोकाला निमुळती, वर लवकर रुंद होणारी, अशी मी घडवतो.

ही विद्या मूळची घिसाड्यांची. बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी ही माणसं. नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवतो आणि घण बायको घालते. पुरुषी काम म्हणणाऱ्यांनी एकदा समोर उभं राहून बघावं. घिसाड्यांचं सगळं गणित रंगावर.

माझंही तसंच, फक्त हाताशी एक लोहचुंबक. पाचर लाल झाली नि चुंबक धरीनासा झाला, की आणखी थोडी तापवायची आणि टोकाकडची दोन बोटंच तेलात बुडवायची. पाट्याची पाचर मी पाण्यात बुडवत नाही, चिरा पडतात. बाहेर काढून लगेच दगडानं एक बाजू घासून पांढरी करायची नि बघत राहायचं. डोक्यात उरलेली धग खाली उतरते. आधी फिकट पिवळा पट्टा सरकत येतो, मग तपकिरी, जांभळा. निळा धारेला पोचला की पूर्ण पाचर तेलात. पिवळ्यावर थांबलं तर धार जास्त कडक राहते, पण गाठीवर कपची उडते. आणि डोक्याला पाणी द्यायचंच नाही. घणाचं तोंड आधीच कडक असतं. कडकावर कडक बसलं की कुणीतरी फुटणारच. मऊ डोकं चेपतं, कडा बाहेर वळतात. त्या कडा वेळच्या वेळी ग्राइंडरनं उडवायच्या. एवढं गिऱ्हाइकाला पटवणं पाचर घडवण्यापेक्षा अवघड. "डोकं चेपलं, म्हणजे माल कच्चा," असं तोंडावर म्हणतात.

कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकायची पाचर मात्र सळईच्या तुकड्याची. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या जाड भिंतींचा लोकांनी धसका घेतला, सिमेंटची घरं वाढली, तसे सळईचे तुकडेही उकिरड्यापर्यंत पोचले. तुकडा चपटा करायचा, दोन्ही कडांना छिन्नीनं तिरप्या खाचा मारायच्या. आत जाताना खाचा आडव्या येत नाहीत, बाहेर येताना लाकूड धरतात. याचे पैसे मी घेत नाही.

मोठ्या पाचरीचे घेतो आणि एकटी विकत नाही. ओली बाभूळ पाचर गच्च धरून ठेवते. मग फोन येतो, "मिस्त्री, आतच बसायली, लाकूड फुटंना." उपटायला जाणाऱ्याला मी पंचतंत्रातल्या पाचर उपटणाऱ्या माकडाची आठवण करून देतो. उपटायची नसते; चीर पुढं गेली असेल तिथं दुसरी लावायची, ती शिरली की पहिली आपोआप ढिली होते. आणि ठोकायला घण घ्यायचा, कुऱ्हाडीचा तुंबा नाही. तुंब्यानं ठोकून नेढं फाटलेल्या कुऱ्हाडीही शेवटी वेल्डिंगला माझ्याकडंच येतात.