रामेलावची चढण

तेतुम भाषेत थोरल्या बहिणीला 'माना' म्हणतात आणि थोरल्या भावाला 'मौन'. कचेरीत, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, अनोळखी माणसालाही याच नावाने हाक मारण्याची तिमोर-लेस्ते या देशात रीत आहे, आपल्या ताई-दादासारखीच. गंमत एवढीच, की दिली शहरातील आमच्या कार्यालयात ज्याला सगळे 'मौन' म्हणत, तो गाडीचालक दिवसभर अखंड बोलत असे. आणि जिला 'माना' म्हणत, त्या हिशेबनीस बाई कामापुरते चार शब्द बोलून गप्प राहत.

कामानिमित्त माझे काही महिने तेथे गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, परतीचे दिवस जवळ आले असता, मानांनीच एके दिवशी सुचवले की आपण सारे मिळून रामेलाव चढून येऊ. त्यांचे वय बासष्ट, उजवा गुडघा दुखरा. मौनने मला बाजूला घेऊन सांगितले, "यापूर्वी दोनदा अर्ध्या वाटेवरून परतल्या आहेत. आता तिसऱ्यांदा परत आणावे लागले, तर मला ते पाहवणार नाही."

रामेलाव हा त्या देशातील सर्वांत उंच डोंगर; उंची तीन हजार मीटरच्या किंचित आत. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, यावरून कल्पना यावी. पोर्तुगीज अमलात त्यांच्या साऱ्या साम्राज्यातील हे सर्वोच्च शिखर होते. माथ्यावर १९९७ साली, म्हणजे इंडोनेशियाच्या लष्कराची सत्ता असतानाच, पवित्र मरियेचा पुतळा उभारला गेला. तेव्हापासून ती यात्रेची जागा झाली. डोंगर मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून तेथील लोकांना पूजनीय आहे. पूर्वजांचे आत्मे उंचावर राहतात, ही जुनी श्रद्धा मारियामातेच्या पायाशी आजही निमूट बसलेली दिसते. आमच्या फादरांना हे कदाचित रुचणार नाही. मला ते पाहून बरे वाटले.

दिलीहून दक्षिणेकडे आयलेऊ, मग मावबिसे. रस्ता म्हणजे वळणांची माळ. उतारांवर सावलीच्या झाडांखाली कॉफीची झुडपे. अरेबिका आणि रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर १९२० च्या दशकात याच बेटावर आढळला आणि तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या जाती त्यातून पुढे जगभर गेल्या, हे मौनने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी समजावले. संध्याकाळी आम्ही हातो बुइलिको या पायथ्याच्या गावी पोहोचलो. विषुववृत्ताजवळचा देश आणि अंगावर दोन घोंगड्या! रात्री भाजलेला मका खाऊन पडलो. जेवताना लक्षात आले, की पावाला ते 'पाऊन' म्हणतात, मेजाला 'मेझा' आणि चावीला 'शावी'. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. हे बेट १९७५ पर्यंत. एकाच धन्याने दोन घरांत सोडलेली ही भांडी.

पहाटे तीनला निघालो. आम्ही पाच जण, तीन विजेऱ्या. आरंभीच सिमेंटच्या पायऱ्या, आणि त्या इतक्या उभ्या की पुढच्या माणसाची टाच आपल्या कपाळासमोर येते. हवा विरळ, शंभर पावलांत छाती भात्यासारखी चालू लागली. गावातल्या एका मुलाने तट्टू आणले होते. मानांनी त्याच्या मानेवर हात फिरवला आणि त्याला परत पाठवले. "नेनेइक, नेनेइक," त्या म्हणाल्या. म्हणजे हळूहळू. मग काठी टेकीत, दर दहा पायऱ्यांना थांबत, त्यांनी जपमाळ सुरू केली. पुढचे तिघे उत्तरे देत होते. मीही मराठीत पुटपुटत होतो. शब्द जुळत नव्हते, पण श्वास घेण्याच्या जागा नेमक्या जुळत होत्या.

त्या तेतुम प्रार्थनेमागे इतिहास आहे. आपल्याकडे लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, कोणाच्याही जिवाला धक्का न लागता. तेथे इंडोनेशियाच्या राज्यकर्त्यांनी पोर्तुगीज भाषेला मज्जाव केला, तेव्हा चर्चने त्यांची भाषा न स्वीकारता १९८१ साली तेतुम ही उपासनेची भाषा केली. १९७५ मध्ये ज्या देशात कॅथलिक एक तृतीयांशाहूनही कमी होते, तेथे आज ते पंचाण्णव टक्क्यांहून अधिक आहेत. या वाढीची कारणे अनेक. पण आपल्या बोलीत मोठ्याने रडता येईल अशी एकच जागा उरली होती, हे त्यांतले मोठे कारण असावे असे मला वाटते.

पायऱ्या संपून निलगिरीचे रान लागले. ही निलगिरी तेथे परकी नव्हे, मूळचीच. धुक्यात तिचे खोड पांढुरके दिसत होते. माथ्याखालच्या उघड्यावरील प्रार्थनास्थळापाशी मानांचा गुडघा आखडला. त्या बसल्या. मौनने न बोलता आपला मफलर त्यांच्या गुडघ्याला आवळून बांधला. मागील दोन्ही खेपा येथवर आल्या होत्या, असे त्या म्हणाल्या, आणि मग प्रथमच सलग बोलल्या.

७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले, तेव्हा त्यांचे कुटुंब इतर हजारोंप्रमाणे डोंगरात पळाले. तीन वर्षे कंद खाऊन काढली. १९७८ मध्ये सैन्याने डोंगरांना वेढा घातला. एका रात्री थोरला भाऊ पाणी आणायला उतरला. तो वीस वर्षांचा होता. पुढे घरच्यांनी शरणागती पत्करली. भाऊ कधीच मिळाला नाही. त्या काळात किमान एक लाखाहून अधिक माणसे मारली गेली किंवा उपासमारीने व आजाराने दगावली, असे २००५ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात नमूद आहे. "२ नोव्हेंबरला सगळे आपापल्या कबरीवर फुले वाहतात," माना म्हणाल्या. "मी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी वाहते. तो क्रूस सर्वांचा आहे. मला एकदा फक्त त्याच्यासाठी वाहायची आहेत."

शेवटचा चढ त्यांनी मौनच्या खांद्यावर हात ठेवून पार केला. त्या अर्ध्या तासात मौन एक शब्दही बोलला नाही. आम्ही मारियामातेपाशी पोहोचलो तेव्हा पूर्व उजळली होती आणि ढगांची पांढरी चादर खाली पसरली होती. मानांनी पिशवीतून झेंडूच्या पाकळ्या आणि मेणबत्ती काढली. वारा मेणबत्ती टिकू देईना. आम्ही चौघे पाठी बाहेर करून तिच्याभोवती उभे राहिलो. नंतर त्या कड्यापर्यंत गेल्या आणि दक्षिणेकडे तोंड करून त्यांनी भावाला मोठ्याने हाक मारली. प्रार्थनेची नव्हे, जेवायला बोलावतात तशी. तीनदा. मग पाकळ्या वाऱ्यावर सोडल्या, आणि थर्मासमधली कॉफी सर्वांना ओतून दिली.

उतरणे त्यांना अधिक जड गेले. पायऱ्यांवर त्या पाठमोऱ्या उतरल्या, शिडी उतरावी तशा.

परतीच्या गाडीत त्यांनी हिशेबाची छोटी वही उघडून माझ्या मृतांची नावे विचारली. २ तारखेला मोठ्या क्रुसापाशी त्यांच्यासाठीही फुले वाहायची होती. त्यांच्या कबरी गावी आहेत, नीट बांधलेल्या आहेत, असे मी सांगितले. "असू देत," म्हणून त्या पेन सरसावून बसल्या. आजीचे पोर्तुगीज नाव त्यांनी मी उच्चारताच अचूक लिहिले. वडिलांना मात्र गावात सारे ज्या मराठी लाडक्या नावाने ओळखत, ते मी चार वेळा सांगितले. दोनदा खोडून त्यांनी ते लिहिले आणि बरोबर आहे का म्हणून वही माझ्यापुढे धरली.